पाठ टेकली

आमच्या यांनी पहिली लढत दीड मिनिटात जिंकली आणि लगेच हरलीही. एका दमात दोन्ही कामं उरकणारा माणूस आपण दुसरा पाहिला नाही, असं बंडोपंत शेवटपर्यंत सांगत. बंडोपंत आमच्या जिनिंगचे हेडक्लार्क. त्या दिवशी टेबलावर घंटा घेऊन तेच बसले होते, तेव्हा त्यांचं म्हणणं खरं धरायला हरकत नाही.

यांचं नाव चंद्रभान. लिहायला मला संकोच वाटत नाही. लिहिणं म्हणजे काही तोंडानं घेणं नव्हे. हिंगणघाटच्या त्या जिनिंगात कापसातली सरकी काढून उरलेल्या रुईच्या गठाणी बांधतात, त्या प्रेसवर ते कामाला होते. जी गठाण चार माणसं "हेऽऽ" करून लोटत, ती हे एकटेच लोटत आणि वर शेजारच्याशी बोलतही असत. उंची सहा फुटांवर दोन बोटं. आमच्या घराच्या चौकटीला कपाळाच्या जागी एक काळा डाग पडला होता, तो सासूबाईंनी कधी पुसू दिला नाही. म्हणायच्या, पोरगा घरी आल्याची खूण आहे.

सासरे नानाजी, आखाड्याचे वस्ताद. यांना त्यांनीच माती दाखवली. पण कुस्तीत यांना जोड मिळेना. अंगावर आलेल्या गड्याला हे नुसते धरून उभे राहिले तरी तो घाबरून सैल पडे. अशा पहिलवानाला जत्रेत कोण घेणार?

मग एक दिवस प्रेसवर भानगड झाली. एका गाडीवानानं कापूस निवडणाऱ्या बाईवर चाबूक उगारला. यांचा उजवा हात गठाणीला होता, म्हणून यांनी डावा वापरला. मारला म्हणण्यासारखा तो मारलाच नाही, माशी हाकलावी तसा फिरवला. गाडीवान जो झोपला तो चहाच्या भोंग्यालाच उठला.

गेटवर महादेवराव जमादार उभे होते. फौजेत ठोसेबाजी खेळून आलेला माणूस, नाक मधोमध बसलेलं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि धावत आले.

"कोन से हाथ से मारा बे?"

"डाव्या."

"आणि उजवा?"

"तो कामात होता ना."

महादेवरावांनी यांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. पिकलेला आंबा धरावा तसा.

तिथून बॉक्सिंग आमच्या घरात शिरलं. नानाजींना ते मुळीच पटलं नाही. "बुक्क्यानं भांडण होते, खेळ होत नाई," म्हणाले. "खेळात समोरच्याची पाठ टेकली का संपलं. मंग त्याले हात देऊन उठवा, खाली उतरा, वस्तादाच्या पाया पडा. पडलेल्याच्या आंगावर जाणं पाप हाय. हे पाळशील तं जाय."

"पाळतो," हे म्हणाले. आणि या माणसाचं असं की म्हणाले ते करायचे.

दोन महिने महादेवरावांनी यांना गठाणीच्या गोणपाटात रुई भरून त्यावर ठोसे मारायला लावलं. पाय कसा टाकायचा, हनुवटी कशी झाकायची, सगळं शिकवलं. एकच गोष्ट सांगायची राहिली. फौजी माणसाला ती सांगावी लागते असं वाटलंच नाही, जसं भाताला पाणी लागतं हे कोणी सुनेला सांगत नाही.

साल एक्कावन्न, संक्रांत नुकतीच झालेली. कापसाच्या मार्केटात रविवारी गाड्या नसतात, तर तिथं गठाणी रचून चौथरा केला, वर गोणपाट ताणलं, चारी बाजूंनी प्रेसचेच दोर. जबलपूरहून रेल्वेचा एक नामी गडी आणला होता. बायका एका अंगाला उभ्या गाड्यांवर बसल्या होत्या, मी त्यांत. हलगी वाजत होती. घंटा झाली आणि तो रेल्वेवाला यांच्याभोवती असा नाचू लागला की गाडीवरच्या बायका हसायला लागल्या.

"काय वं शकू, तुह्या नवऱ्याले ओवाळून राह्यला का तो?"

यांनी डावा फिरवला. तोच, माशीवाला.

रेल्वेवाला उताणा पडला. पाठ टेकली! सगळ्या मार्केटानं पाहिली, आकाशातल्या घारीनं पाहिली! फेटे उडाले, हलगीवाला उठून नाचू लागला. आणि हे दोरावरून टांग टाकून खाली उतरले, गर्दीतून वाट काढत नानाजींपाशी गेले आणि हातातल्या ठोसेबाजीच्या मोज्यांसकट त्यांच्या पाया पडले. नानाजी बॉक्सिंगचे वैरी, पण त्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली, मी गाडीवरून पाहिलं.

इकडे वर पंच आकडे मोजत होते. आठाला रेल्वेवाला उठला. डोळे चोळून पाहतो तर समोर कोणी नाही. आधी एका कोपऱ्यात पाहिलं, मग दुसऱ्या. शेवटी पंचानं त्याचाच हात वर केला.

मग जे झालं त्याला बंडोपंत 'गैरसमज' म्हणत. हिंगणघाटचे लोक चौथऱ्यावर चढले. "पाठ टेकली! आमी डोयानं पायली!" बंडोपंत नियमांचं पुस्तक डोक्यावर धरून ओरडत होते, "अहो, दहा मोजेपर्यंत लढत संपत नाही! मैदान सोडलं की बाद!" कोण ऐकतो? नानाजी तर मरेपर्यंत ती लढत आपल्या पोरानंच जिंकली असं म्हणत राहिले. पंचाला पाठ कशाशी खातात ते माहीत नाही, म्हणे.

त्या दिवसापासून गावाला एक खेळणं मिळालं. हे रस्त्यानं निघाले की कुठून तरी आवाज यायचा, "पाठ टेकलीऽऽ!" पानठेल्यावर, प्रेसवर, नदीवर. हे कधी कोणाला काही बोलले नाहीत, पण घरी आले की त्या दिवशी चौकटीला कपाळ जरा जोरात लागायचं.

मी एकदाच गमतीनं म्हटलं होतं. जेवता जेवता ताटावरून उठले. मी परत तो शब्द काढला नाही. म्हणजे सात वर्षं काढला नाही.

पुढचं सांगताना माझा मलाच श्वास पुरत नाही. बावन्नला नागपूर. नागपूर तेव्हा मध्यप्रदेशाची राजधानी, तिथं जिंकला तो सगळ्या प्रांतात जिंकला. यांनी तीन दिवसांत तीन गडी झोपवले. त्रेपन्नला जबलपूर, आणि समोर तोच, जुना रेल्वेवाला! हिंगणघाटची साठ माणसं गाडीनं गेली होती. दुसऱ्या फेरीत तो पडला, तसे साठही जण एकदम ओरडले, "थांब गा चंद्रभान! उतरू नको!"

हे कोपऱ्यात दोन्ही हातांनी दोर धरून उभे राहिले. महादेवराव सांगायचे, पाय उतरायला बघत होते, माणूस त्यांना धरून होता. दहा झाले. मग यांनी जाऊन रेल्वेवाल्याला हात देऊन उठवलं. जबलपूरच्या वर्तमानपत्रानं तेवढ्यावर चार ओळी लिहिल्या.

त्या चार ओळींवर मी अक्षरं शिकले. शाळेत मला कोणी घातलं नव्हतं. कात्रण चुलीजवळच्या भिंतीला चिकटवलं आणि बंडोपंतांच्या मंडळींना, सरोजिनीबाईंना, विचारलं यात यांचं नाव कुठं आहे. त्यांनी बोट ठेवलं. तो 'च' मी राखेत गिरवला. हिंदीतलं वर्तमानपत्र होतं, पण 'च' काही भाषा विचारत नाही.

आणि लढतीत माझाही वाटा होता, तो कुठल्या वर्तमानपत्रात आला नाही. मोज्यांच्या आत हाताला पट्टी गुंडाळतात. महादेवरावांनी फौजेतली पट्टी आणली, ती घामानं सरकायची. मी माझ्या जुन्या लुगड्याच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. शंभरदा धुतलेलं सूत, ते हाताला धरून बसतं. महादेवराव आधी नाक मुरडायचे (मुरडण्यासारखं जेवढं उरलं होतं तेवढं). "बायकोचं लुगडं बांधून लढणार का रे?" मग नागपूरनंतर तेच विचारू लागले, "लुगडं घेतलं ना?" बांधायची मीच. गावाबाहेर लढत असली की घरून बांधून देता यायचं नाही, पण पट्टी कशी फिरवायची ते महादेवरावांना मी शिकवलं. अंगठ्याला एक वेढा, मनगटाला तीन, बोटांच्या बेचक्यांतून एक एक. बांधताना हात बोलतो. कुठला सांधा सुजलाय, कुठला दुखून गप्प आहे, मला तोंडानं सांगावं लागत नसे.

चोपन्नला कलकत्ता. सगळ्या देशाचे जड वजनाचे गडी. दुपारी जिनिंगवर तार आली. बंडोपंत वजनकाट्यावर चढले आणि तार उलटी धरून ओरडले, "जिंकला!" ती सरळ करून वाचायला त्यांना पाच मिनिटं लागली, कारण ओरडणं थांबेना. मशिनी बंद झाल्या. हंगामभर त्या आवाजात कापूस निवडणाऱ्या बायका आम्ही, त्या शांततेत एकमेकींकडे पाहतच राहिलो. मग कोणी तरी किंचाळलं आणि सगळ्याच किंचाळल्या.

स्टेशनावर एवढे लोक की गाडी सुटायला पंधरा मिनिटं उशीर झाला आणि गार्ड स्वतःच खाली उतरून पाहत उभा राहिला. यांना बैलगाडीत बसवलं, बैल सोडले आणि माणसांनी गाडी ओढली. फुलं कुठून आणायची एवढी? जिनिंगच्या बायकांनी लुगड्याच्या ओच्यात रुई आणली होती, ती ओंजळी भरभरून उधळली. केसांत, मिशांत, भुवयांत रुई. घरी येईपर्यंत कलकत्त्याचा अजिंक्यवीर कातरायला आणलेल्या मेंढ्यासारखा दिसत होता. ओवाळायला मी तबक घेऊन उभी, आणि हे वाकून आत आले. चौकट त्या दिवशी लागली नाही. मला तो अपशकून वाटायला हवा होता. मला काही वाटलं नाही, मी हसत होते.

दोन वर्षं अशीच गेली. छप्पन्नच्या नोव्हेंबरात आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो. घर तेच, विहीर तीच. फक्त हे ज्या प्रांताचे अजिंक्य होते तो प्रांत उरला नाही. बंडोपंत म्हणाले, "चंद्रभान, आता तुमचं अजिंक्यपद कोणी हिरावूच शकत नाही!" सगळे हसले. हेही हसले.

त्याच थंडीत मला एक गोष्ट खटकायला लागली. यांच्या ताटाची डावी बाजू उष्टी होईना. आपण ताट वाढतो ते ठरलेलं: उजवीकडे भाजी, डावीकडे मीठ, लिंबू, ठेचा. ठेच्याशिवाय या माणसाचा घास उतरत नसे. आणि आता ठेचा वाढला तसाच परत येई. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग वाटलं, माझा हात बिघडला. मिरच्या बदलल्या, लसूण वाढवला. ठेचा तसाच.

एक दिवस मी काही न बोलता ताट फिरवून ठेवलं. ठेचा उजवीकडे, भाजी डावीकडे.

यांनी ठेच्याशी तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाले, "आज भाजी नाई केली का वं?"

मी पदर तोंडाला लावून चुलीकडे वळले. मान वळवली असती तर दिसलं असतं त्यांना. पण स्वतःच्या ताटात मान वळवून कोण पाहतं?

वर्ध्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ओळख नको म्हणून हे डोक्याला उपरणं गुंडाळून बसले होते. सहा फूट दोन बोटं माणूस उपरण्यात लपतो असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी बराच वेळ काच लावून पाहिलं. म्हणाले, "डाव्या डोळ्यामागचा पडदा सुटत चाललाय. आता आहे तेवढं राहील, सांभाळलं तर. पण आणखी मार बसला की तो गेला. आणि उजव्याचीही मी खात्री देत नाही."

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले. पवनारकडून येणारे कोणी ओळखीचे समोर होते, म्हणून कानाशी वाकून म्हणाले, "माह्या गळ्याची आण हाय तुले. कोणाले सांगजो नको. नानाजीले बी नाई."

मी आण घेतली. तेव्हा वाटलं, खेळ तर सुटलाच, आता सांगायचं काय उरलं? महादेवराव पेन्शनीवर आपल्या गावी गेले होते. वर्षभर मोजे खुंटीला होते. मी ताट फिरवून वाढत होते. बरं चाललं होतं आमचं.

अठ्ठावन्नच्या माघात बंडोपंत घरी आले. वर्ध्याच्या कॉलेजातला एक पोरगा, अच्युत नावाचा, एका मास्तरांचा मुलगा, नागपूरला सगळ्यांना लोळवून आला होता. मार्केटात त्याची आणि चंद्रभानची लढत ठेवावी असं मालकांच्या मनात आहे. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत हे "हो" म्हणून बसले होते.

बंडोपंत गेल्यावर मी कपबशी तिथंच ठेवली.

"काऊन हो म्हटलं?"

"एक डाव. घरच्या मैदानात. मंग मोजे खुंटीवर."

"मोजे टांगता येतात खुंटीवर. डोया टांगता येत नाई."

"तो कॉलेजातला पोट्टा हाय शकू. पुस्तक वाचून लढते म्हणे."

"त्याले दोन डोये हायेत."

मग खरं काय ते बोलले. "सात वर्षं झाले. पडलो बी दोन-तीन डाव. पण माह्यावर आजपावतर कोणी दहा नाई मोजले. आता नाई म्हटलं तं लोक म्हणतीन, भेला."

"म्हणू दे ना."

"तुले काय जाते म्हणाले?"

"मले काय जाते?" मी म्हटलं. "उद्या काठी धरून नदीवर नेईन कोण, मीच ना? एक शब्द द्या. पाठ टेकली..." आणि थांबले. तो शब्द निघून गेला होता. "पडले तं पडून राह्यजा. उठू नका."

"ते माह्याच्यानं होत नाई," हे म्हणाले. खोटा शब्द देत नसत, हीच पंचाईत होती.

लढतीच्या दिवशी पट्ट्या फाडायला जुनं लुगडं उरलं नव्हतं. पेटीच्या तळाशी लग्नातलं हिरवं होतं, ते काढलं. फाडताना जो आवाज झाला तो ऐकून हे अंगणातून आत आले. नुसते समोर बसून हात पुढे केले. मी बांधायला लागले. सात वर्षांत पहिल्यांदा लढतीआधीच त्या हातांना घाम होता. हात बोलतो, सांगितलं ना. त्या दिवशी तो म्हणत होता, मला घरी राहू दे. पण लढायला हात एकटा जात नाही.

मी पट्टी सैल बांधून त्यांना थांबवू शकले असते. मनात आलं होतं. पण कामात खोट करणं मलाही जमत नाही. दोघं सारखेच गाढव. चांगली कसून बांधली.

ऊन चांगलं चढलं होतं. तेच मार्केट, तोच गठाणींचा चौथरा, तीच हलगी, फक्त हलगीवाल्याचे केस पांढरे झालेले. माणसं झाडांवर, माणसं गोदामाच्या पत्र्यावर. डॉक्टर म्हणून कोणी आलेले होते, त्यांनी छातीला नळी लावली, जीभ पाहिली आणि "फस्क्लास" म्हणाले. यांच्या कोपऱ्यात पाणी आणि पंचा घेऊन नानाजी बसले, सत्तरीचे. पंचा फेकला की हार कबूल असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तो उन्हाचा डोक्यावर घेतला होता.

घंटा झाली.

काय सांगू! पहिली फेरी पाहून मी सगळं विसरले. अच्युत गोरा, बारीक, वेताच्या छडीसारखा लवणारा, आणि हे त्याच्यासमोर गठाण लोटत निघावं तसे पुढे पुढे. एक डावा बसला, तो दोरावर जाऊन आदळला. पत्र्यावरची माणसं पत्रा वाजवू लागली. "वाघ हाय आपला, वाघ!" माझ्या शेजारची इंदिरा मला चिमटे काढत होती आणि मी तिला. अजून एक! अच्युतचा गुडघा वाकला, सावरला. घंटा झाली तेव्हा मी गाडीच्या जुवावर उभी होते. तिथं कधी चढले ते आठवत नाही.

दुसऱ्या फेरीत पोरगा शहाणा झाला. त्याचा एक ठोसा चुकून डाव्या बाजूनं गेला आणि यांनी तो पाहिलाच नाही. अच्युत क्षणभर थबकला. ताट फिरवल्यावर मी थबकले होते, तसाच. मग तो डावीकडूनच येऊ लागला. यांची मान वळायची, तोवर ठोसा येऊन गेलेला असायचा. लोकांना कळेना काय होतंय. "अरे, पाह्य ना! तिकडे पाह्य!" मला कळत होतं. साऱ्या मार्केटात मला एकटीला, आणि आता त्या पोराला.

हे एका गुडघ्यावर आले. पंच मोजू लागले. सहाला श्वास घेतला, आठाला उठले. गर्जना झाली नुसती. मी जुवावरून खाली बसले.

तिसरी फेरी. डोळ्याच्या वरची कातडी फुटून लाल झालेली. नानाजींनी पाणी लावलं, पोराच्या कानात काही सांगितलं. ते बहुतेक कुस्तीतलंच असणार. आणि फेरी अर्धी व्हायच्या आत यांचे दोन्ही पाय वर झाले आणि गोणपाटावर धप्पकन आवाज आला. उताणे.

"वन!"

"ऊठ गा चंद्रभान!"

"टू!"

"वाघा, ऊठ!" पत्रा वाजत होता, हलगी कडकडत होती, सगळं हिंगणघाट त्यांना वर ओढत होतं.

"थ्री!"

एक कोपर टेकवलं. उठणार. हा माणूस उठणारच, मरेपर्यंत उठेल. आण घेतली होती ती डोळ्याचं सांगायचं नाही याची. दुसरं काही ओरडायचं नाही अशी कोणी घातली नव्हती.

मी जुवावर उभी राहिले, पदर डोक्यावरून गेला तो गेला, आणि पोटातून ओरडले,

"पाठ टेकलीऽऽऽ!"

हलगी थांबली. पत्रा थांबला. सात वर्षं ज्यांनी यांना त्या शब्दानं छळलं ते सगळे माना वळवून पाहायला लागले, की कोण हा नीच. आणि पाहतात तर चंद्रभानची बायको.

"फोर!" पंचांचा आवाज आता सगळ्यांना ऐकू आला.

कोपऱ्यात नानाजी उठले. पंचा डोक्यावरून खांद्यावर आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. सगळी हयात त्यांनी एकच कायदा सांगितला होता, तो आता त्यांच्या घरावर आला होता. दुसरा कोणी असता तर विसरला असता.

"टेकली," नानाजी म्हणाले. मोठ्यानं. "मी पायली. कुस्ती झाली."

"फाइव्ह!"

हे कोपरावर तसेच होते. मान हळूहळू फिरवत होते, उजव्या डोळ्यानं गाड्यांची रांग पाहत होते, एकेक. माझ्यापाशी येऊन थांबले. मला वाटलं, आता संपलं, हा माणूस माझ्या हातचं पुन्हा जेवणार नाही.

"सिक्स!"

मग त्यांच्या मिशा हलल्या. कोपर काढून घेतलं, पाठ नीट टेकवली, उन्हाळ्यात अंगणात निजावं तशी, दोन्ही मोजे छातीवर ठेवले आणि आभाळाकडे पाहून मोठ्यानं म्हणाले,

"सात!"

पंच गडबडले. "सेव्हन..."

"आठ!"

कोणी हसलं नाही. "नऊ," हे म्हणाले, आणि दहा तर पंचांच्या आधीच म्हणाले.

त्यांच्यावर कोणी दहा मोजले नाहीत, हे आजही खरं आहे. त्यांनी स्वतः मोजले.

अच्युतनं येऊन हात दिला. त्याला कोणी सांगितलं होतं की त्याच्या मनानं दिला, मला ठाऊक नाही. चांगल्या घरचा पोरगा होता. हे त्याचा हात धरून उठले आणि तोच हात वर केला. तेव्हा कुठं मार्केट फुटलं. रुई नव्हती त्या दिवशी कोणाकडे, पण फेटे उडाले, हरलेल्या माणसासाठी. बंडोपंत घंटा वाजवतच राहिले, कोणी तरी त्यांच्या हातून काढून घेतली. हे दोरावरून टांग टाकून उतरले, पहिल्या दिवशी उतरले होते तसेच, आणि नानाजींच्या पाया पडले.

"सात वर्षांनं कायदा समजला लेकाले," नानाजी म्हणाले आणि पंच्यानं आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

घरी आलो तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. यांनी खाटेवर बसून हात पुढे केले, मी पट्ट्या सोडायला लागले.

"वरडाले येते तुले," हे म्हणाले.

"येते."

"साऱ्या गावासमोर."

"गावानंच शिकवलं."

"आणि आण घेतली होती ती?"

"ती मोडली नाई. डोयाचं कोणाले सांगतलं मी?"

शेवटचा वेढा सुटला तशी पट्टी त्यांनी माझ्या हातातून घेतली. उजवा डोळा तळव्यानं झाकला, पट्टी उन्हात धरली आणि सुजलेला डावा जेवढा उघडेल तेवढा उघडून पाहू लागले. सकाळी त्यांनी फाडल्याचा आवाज ऐकला होता, कुठलं लुगडं ते विचारलं नव्हतं.

"दिसते?" मी विचारलं.

"दिसते तं. लगनातलं लुगडं फाडलंस तू." मग आणखी जरा उन्हाकडे धरून म्हणाले, "निळं."

ते हिरवं होतं. पण मी रडत रडत हसायला लागले, कारण लुगड्याचा रंग या माणसाला दोन्ही डोळे धड असतानाही कधी ओळखता आला नव्हता.